पहिला हुंदका कुणाचा

तिला सगळे हुंदकेबाई म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट कुणी नवखा माणूस नुसतं ‘ताई’ म्हणाला की एक पायरी खाली उतरवल्यासारखं वाटायचं. काम होतं परक्या भाषेतल्या मालिकांना आपल्या भाषेत आवाज द्यायचं. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलले की हिने बोलायचं, ती हसली की हसायचं, ती रडली की रडायचं. बोलणाऱ्या आणि हसणाऱ्या त्या स्टुडिओत पुष्कळ होत्या. रडणारी एकच.

माईकपुढे रडणं म्हणजे खायचं काम नाही. नाक ओढलं तर सर्दी झाल्यासारखं ऐकू येतं, गळा काढला तर ऐकणाऱ्याला हसू फुटतं. हुंदकेबाईचा हुंदका आधी घशात अडकायचा, गिळला जायचा, आणि आता येत नाही असं वाटत असताना नको तिथे निसटायचा. काचेपलीकडे यंत्रापाशी बसणारा बटणदादा पाषाणासारखा माणूस, पण तोही त्या वेळी कानावरचा हेडफोन जरा दूर धरायचा.

आणि त्या मालिकांना रडणारी बाई लागायचीच. नवरा मुस्काटात मारायचा, दीर जिन्यावरून ढकलायचा, ऑफिसचा मालक आतून कडी लावून घ्यायचा. थोबाडीत बसली की चित्र संथ व्हायचं, बाईचे केस हवेत उडायचे, मागे व्हायोलिन सुरू व्हायचं. मारणारा हमखास देखणा. त्याचं बालपण दुःखात गेलेलं असायचं आणि ते दाखवण्यात दोन-दोन भाग खर्ची पडायचे. मार खाणारीला बालपणच नसायचं. शेवटी तो दारात उभा राहून माफी मागायचा, ती एक हुंदका द्यायची आणि त्याच्या छातीवर डोकं टेकायची. संपलं. असे छातीवरचे हुंदके हुंदकेबाईने किती दिले याचा हिशेब तिलाही नव्हता.

घरी सासूबाई या सगळ्या मालिका बघायच्या. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात या दोघीच. मुलगा, म्हणजे हुंदकेबाईचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. टीव्हीपुढच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या सासूबाई सुनेचा आवाज सुनेसमोरच ऐकायच्या आणि त्यावर बोलायच्या.

“ही उठून का जात नाही गं? दार तर उघडंच दिसतंय.”

“गेली तर मालिका संपेल, आई.”

“मग संपू दे की. लवकर जेवून घेऊ.”

सासूबाईंना रडणं आवडायचं नाही, पण मालिका सुटायची नाही. ‘नकोसा पाहुणा आणि त्याच्यावाचून करमत नाही’ असं त्यांचं चाललेलं असायचं.

स्टुडिओत सरांचा शब्द शेवटचा. सर म्हणजे आवाजाचे दिग्दर्शक. कुणी कोणत्या बाईचा आवाज द्यायचा, कुणाला पुढच्या मालिकेत ठेवायचं, कुणाला निरोप द्यायचा, सगळं तेच ठरवायचे. मालक बदलले, इमारतीचा रंग बदलला, सर तिथेच. माणूस तसा गोड. वाढदिवस लक्षात ठेवायचे, कुणाचं मूल आजारी असलं तर चौकशी करायचे. प्रत्येकीचं दुखतं कुठे हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं, आणि ते ठाऊक करून घेणं हाच त्यांचा गोडवा होता हे कळायला फार उशीर व्हायचा.

रडायचा प्रसंग आला की सर उठायचे. रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत जाऊन दार लावायचे आणि काचेतून बटणदादाला दोन बोटांनी खूण करायचे. बटणदादा आतला आवाज बाहेर आणणारं बटण बंद करायचा आणि चहाला निघून जायचा. आत काय बोललं जातं ते मग कुणाला ऐकू येत नसे. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना फक्त दिसायचं, की सर वाकून कानाशी काहीतरी सांगतायत. सांगता सांगता दंडाचं मांस चिमटीत धरून पिळतायत. मग ते बाहेर यायचे, लाल दिवा लागायचा, आणि आतली बाई रडायची. “खोटं रडू माझ्याकडे चालत नाही,” असं सर म्हणायचे. बाहेर त्यांचं नाव होतं. दगडालासुद्धा पाझर फोडतात म्हणे.

त्यांच्या नावलौकिकातली पहिली गोष्ट हुंदकेबाईची होती. सर ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, सत्कारात सांगायचे, एकदा वर्तमानपत्रातही छापून आली. “हिचा नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. फोन आला. मी म्हटलं, बाई, जा. ही म्हणाली, नाही सर, आधी माझा प्रसंग. आणि मग तो हुंदका दिला. निष्ठा म्हणतात ती ही.” हे चालू असताना हुंदकेबाई शेजारी मान खाली घालून उभी राहायची. लोकांना तो विनय वाटायचा.

झालं होतं ते वेगळंच. फोन आला तो सरांनी उचलला. मग ते आत आले, दार लावलं, खूण केली. “तुझा नवरा कामावर कोसळला. दवाखान्यात नेलाय. वाचेल की नाही सांगता येत नाही म्हणाले.” हुंदकेबाईने पर्स उचलली तर सर दाराला पाठ लावून उभे. “एवढा प्रसंग कर आणि जा. आत्ता जे होतंय ना तुला, तेच हवंय मला.” ते बाहेर गेले, लाल दिवा लागला. दाराला कुलूप नव्हतं. तिने पर्स खाली ठेवली आणि पडद्यावरची कोंडलेली बाई रडली तशी ती रडली. ती दवाखान्यात पोचली तेव्हा त्या पलंगावर नवी चादर घालायचं काम चाललं होतं.

भेटायला आलेल्या माणसांत सर होते. सगळ्यांसमोर, सासूबाईंसमोर, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी ती निष्ठेची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. आता काय बोलायचं? नाही हो, निष्ठा कसली, मी घाबरले होते? खऱ्या गोष्टीत ती एक भेदरलेली बाई होती. सरांच्या गोष्टीत ती कलावंत होती, निदान तिने स्वतः काहीतरी ठरवलेलं होतं. तिने सरांची गोष्ट घेतली. पुढे रडणाऱ्या बायकांच्या मोठ्या मोठ्या भूमिका आपसूक तिच्याकडे आल्या. सासूबाईंनी तिला त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर विचारलं नाही. एका ताटात जेवाव्यात इतक्या दोघी जवळच्या, पण तेवढी एक जागा सोडून त्या बोलायच्या, खोलीतल्या खड्ड्याला वळसा घालून चालावं तशा.

मग ती मुलगी आली. पहिल्या दिवशी कुणीतरी “ही नवी” म्हणालं आणि ती नवीच राहिली. पंचविशीच्या आतबाहेर, पोरांचे वाटावेत असे बूट, पिशवीत कायम एक सफरचंद. आवाज मोकळा राहतो म्हणून ती ते खायची, पण ज्या आवाजात खायची त्याने बाकीच्यांची बोलणी थांबायची. पहिले काही दिवस हुंदकेबाईने तिच्याकडे घरात आलेल्या मांजरीकडे बघावं तसं पाहिलं. फिरून जाईल आपोआप.

पण पुढची मोठी मालिका आली आणि सरांनी मुख्य बाई नवीला दिली. पडद्यावरच्या त्या बाईच्या नशिबात पहिल्या भागापासून मार होता. म्हणजे रडण्याची नुसती चंगळ. हुंदकेबाईला मिळाली शेजारीण. शेजारणीने भिंतीपलीकडून आवाज ऐकायचा आणि “अरे देवा” म्हणायचं.

“वय दिसतं गं आवाजात,” सर तिला म्हणाले. “कुणाचंही दिसतं.”

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर औषध नव्हतं. नवीचा पाणी प्यायचा ग्लास तिच्या डोळ्यांत सलायचा, नवीचे बूट सलायचे, दरवानाने नवीला बघून हसणं सलायचं. बाकावर बसून ती काचेतून बघायची. सर उठायचे, नवीच्या खोलीत जायचे, दार लागायचं, दोन बोटं वर व्हायची, बटणदादा चहाला निघायचा. हे बघून तिला त्या पोरीची दया यायला हवी होती. तिला स्वतःलाही तसं वाटत होतं, यायला हवी होती. आली नाही. आलं ते असं, की सर आता माझ्यासाठी उठत नाहीत. आणि बसल्या बसल्या तिचा एक हात दुसऱ्या हाताच्या दंडावर जाऊन तिथलं मांस चिमटीत धरून बसला होता हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

एक दिवस नवी बाकावर येऊन तिच्याशेजारी बसली. “बाई, एक विचारू? सर रोज आत येऊन मला माझ्या आईबद्दल घाण घाण बोलतात. मी सांगितलं त्यांना, याची गरज नाही सर, मला रडता येतं. ऐकतच नाहीत.”

“रडता येतं म्हणजे?”

“म्हणजे पोट आत ओढायचं. श्वास अर्ध्यावर सोडून द्यायचा आणि जीभ टाळ्याला लावायची. हे बघा.” आणि तिथे, जाण्यायेण्याच्या वाटेत, नवीने असा एक हुंदका दिला की समोरून जाणारा हिशेबनीस थांबला. नवी हसली आणि सफरचंदाचा लचका तोडला.

हुंदकेबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जे आपण नवरा घालवून मिळवलं ते ही पोट आत ओढून करते.

“तुम्हाला काय करतात ते?” नवीने विचारलं.

“मला काही करत नाहीत. मला करायची गरज पडली नाही.” मग ती जरा गोड आवाजात म्हणाली, “आणि हे बघ, प्रसंगाच्या आधी गार पाणी पीत जा भरपूर. हुंदका भरून येतो.” गार पाण्याने घसा आखडतो हे तिथल्या झाडूवालीलाही माहीत होतं. नवी नुसती “बरं” म्हणाली. ती प्यायली की नाही कोण जाणे, आवाज तर बिघडला नाही.

सरांना मात्र पोट आत ओढून दिलेला हुंदका चालेना. त्यात खोट होती असं नाही. खोट शोधून सापडत नव्हती हेच त्यांचं दुखणं. पोरगी त्यांच्यावाचून रडत होती. एका सकाळी थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. सर आत गेले, दार लागलं, बटणदादा निघाला. बाकावरून हुंदकेबाईला सरांची पाठ दिसली, मग हात वर गेलेला दिसला. आवाज आला नाही. जाड काचेमागे ती थप्पड मुकी होती, ना केस उडाले, ना काही संथ झालं. सर बाहेर आले आणि लाल दिवा लावा म्हणाले.

पण दिव्याच्या आधी दार उघडलं. नवीने हेडफोन काढून यंत्राच्या टेबलावर ठेवला. एक गाल लाल होता. “सरांनी मला मारलं,” ती म्हणाली. ओरडली नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं. आणि जिना चढून वर मालकीणबाईंच्या खोलीत गेली.

स्टुडिओची मालकी थोड्याच दिवसांपूर्वी थोरल्या मालकांच्या मुलीकडे आली होती. तिने तक्रार ऐकून घेतली, चौकशी लावली आणि ती संपेपर्यंत सरांना घरी बसायला सांगितलं. सरांना घरी बसायला सांगता येतं, हे कुणाच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं. सगळीकडे कुजबुज. कुणी म्हणे पोरगी आगाऊ, कुणी म्हणे सरांची बरी जिरली. हुंदकेबाई घरी येऊन भांडी आपटत होती.

“एक थप्पड,” ती सासूबाईंना म्हणाली. “एक थप्पड खाल्ली आणि अख्खं ऑफिस उभं राहिलं तिच्यासाठी. आमच्या वेळी कोण उभं होतं?”

“तुम्ही वर गेला होतात का कुणी?” सासूबाईंनी विचारलं.

“जाऊन काय झालं असतं?”

“ते मला काय माहीत. मी नुसतं विचारलं.”

दोन दिवसांनी नवी घरी आली. सासूबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा केला, बूट बघून “पायाला जड नाही होत?” असं विचारलं. नवी चौकशीत बोलण्याबद्दल विचारायला आली होती. बाकीच्या कुणी तयार नव्हत्या. मोठी बाई बोलली तर त्या बोलतील.

“माझ्या बाबतीत असं काही झालं नाही,” हुंदकेबाई म्हणाली.

नवीने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या, तिच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. “सर सांगतात ती तुमची गोष्ट खरी आहे, बाई?”

“छापून आली होती ती,” हुंदकेबाई म्हणाली आणि कप उचलायला उठली. नवी गेली. सासूबाई टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या, टीव्ही मात्र बंद होता.

त्यानंतर सरांचाच फोन आला. किती दिवसांनी ते तिच्याशी इतक्या मऊ आवाजात बोलले होते. “तुझी गोष्ट सांग त्यांना. तू सांगितलीस की निष्ठा कशाशी खातात ते कळेल या लोकांना. आणि ही मुलगी गेली की ती मालिका तुझीच. माझ्या मनात पहिल्यापासून तूच होतीस.” हुंदकेबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौकशीच्या दिवशी तिने चांगले कपडे इस्त्री केले, केस विंचरताना दोनदा भांग बदलला. ती सरांच्या बाजूने बोलायला निघाली होती, याबद्दल कुणाच्या मनात शंका नको.

वरच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मालकीणबाई, एक वकीलबाई आणि ज्यांची मालिका होती त्या वाहिनीचा एक माणूस. नवी एका टोकाला, बटणदादा दाराशी. सर दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या शर्टात, प्रसन्न. आधी त्यांना बोलू दिलं.

“मुलीला लागलं असेल तर मी माफी मागतो,” सर म्हणाले. “मनापासून. पण त्या दिवशी आत तिच्या तोंडून जो आवाज निघाला ना, अगदी बारीक, तुम्ही कुणी ऐकला नसेल. मी ऐकला. मी आयुष्यभर ज्याच्या मागे आहे तो आवाज. इतक्या वर्षांत तो मला एकदाही मिळाला नव्हता.”

हुंदकेबाई खुर्चीत सरळ झाली. “एकदाही?” तिने विचारलं.

तिला बोलायला सांगितलेलं नव्हतं. सरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. नव्या मालकिणीकडे बघून ते हसले. “एकदाही नाही. एकदा जवळपास पोचलो होतो, एवढंच.”

जवळपास.

हुंदकेबाईला पुढे कुणी विचारलं, की त्या क्षणी काय वाटलं, तर ती खरं सांगायची नाही. न्याय, सत्य असले शब्द तिच्या मनाच्या आसपासही नव्हते. तिच्या मनात एवढंच होतं, की पलंगावरची नवी चादर, त्या दिवशी दिलेला तो हुंदका, आणि या माणसाने तो या पोरीच्या एका ‘अं’पुढे दुसऱ्या नंबरला टाकला. नवीचा गालही तिला त्या वेळी हिसकावून घ्यावासा वाटला.

“लिहून घ्या,” ती वकीलबाईंना म्हणाली. “हिचं पहिलं लिहू नका. हिच्या आधी मी आहे. पहिली मी.”

“बाई, तुमची पाळी आल्यावर,” सर म्हणाले.

“माझी पाळी केव्हाच येऊन गेली,” ती म्हणाली, आणि सांगायला लागली. फोन कुणी उचलला, दाराला पाठ कशी लावली, कोणते शब्द वापरले. दंड कुठे पिळायचे ते तिने बाही वर करून दाखवलं. मधे एकदा तिला रडू येईल असं वाटलं तेव्हा ती थांबली, पाणी प्यायली, आणि ते येऊ दिलं नाही. सरांसमोर पुन्हा एक हुंदका फुकट द्यायची तिची तयारी नव्हती. नवी तिच्याकडे बघत होती आणि हुंदकेबाईला तेही आवडत होतं, की आता ही ऐकतेय आणि मी बोलतेय.

मग बटणदादाला विचारलं. त्याने भिंतीकडे बघत उत्तर दिलं. “खूण झाली की मी बटण बंद करायचो. मग चहाला जायचो.”

“आत काय चालतं ते माहीत होतं?”

“म्हणून तर जायचो,” बटणदादा म्हणाला.

त्यानंतर बाकावरच्या आणखी तिघी बोलल्या. सरांना काढलं. काढलं म्हणजे त्या स्टुडिओतून. थोड्या महिन्यांत ते दुसरीकडे लागले आणि तिथे त्यांच्या स्वागताला गुच्छ होता असं कुणीतरी सांगितलं. बटणदादा राहिला, पण सगळ्यांशी खाली बघून बोलायला लागला. मुख्य बाई नवीकडेच राहिली. हुंदकेबाईने ते मनातल्या मनात वाईट मानलं, पण “अरे देवा” इतकं चांगलं म्हणायला लागली की नवा दिग्दर्शक पुढच्या मालिकांतल्या शेजारणीही तिलाच द्यायला लागला.

चौकशीच्या संध्याकाळी तिने सासूबाईंना सांगितलं. समोर स्टुलावर बसून, टीव्हीचा आवाज बंद करून, जसं वरच्या खोलीत सांगितलं तसंच. संपल्यावर त्यांनी विचारलं, “दाराला पाठ लावून उभा राहिला?”

“हो.”

“आणि गेल्यावर दार उघडंच होतं.”

“उघडंच होतं, आई.”

सासूबाईंनी बराच वेळ पायाच्या बोटांशी चाळा केला. “मी त्या मालिकेतल्या बायकांना रोज सांगते ना, उठून जा, उठून जा.” मग म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पोराचा शेवटचा श्वास सोडून ही तिथे गळा काढत बसली म्हणून. आता त्या शिव्या मी कुठे ठेवू?”

“सरांना द्या.”

“त्याला देतेच. पण तुझ्या नावाने पाठ झाल्यात गं. विसरायला वेळ लागेल.”

त्या दोन-तीन दिवस फारसं बोलल्या नाहीत. मग एकदा तिच्या पोळलेल्या बोटावर त्यांनी फुंकर घातली, आणि तिच्या नवऱ्याची, म्हणजे आपल्या मुलाची, कसलीशी लहानपणची खोडी सांगितली. ती सुनेने आधी कधी ऐकली नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं, पण प्रकरणाचा बोभाटा झाला होता. वर्षभराने स्टुडिओने स्वतःची एक ऐकायची मालिका करायला घेतली, याच प्रकारावर. लेखक तरुण, नम्र, चष्मा पुसत बोलणारा. त्याने हुंदकेबाईला थोरल्या बाईची भूमिका देऊ केली आणि संहिता हातात ठेवली. ती तिने घरी नेऊन वाचली. त्यात दिग्दर्शकाला बालपण होतं. त्याची आई त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडायची, तिथे त्याला आवाजांचं वेड लागलं, आणि शेवटी रिकाम्या स्टुडिओत त्याचं एक लांबलचक स्वगत होतं, तेही इतकं सुंदर की वाचताना तिचेच डोळे भरायला आले. तिला स्वतःचाच राग आला. तरुण मुलगी शूर होती. थोरल्या बाईला चार वाक्यं होती आणि ती मुलीला आशीर्वाद देत होती.

दुसऱ्या दिवशी तिने लेखकाला गाठलं. “याला एवढी पानं कशाला?”

“त्याचं मन कळायला हवं ना ऐकणाऱ्याला,” लेखक म्हणाला. “नाहीतर तो नुसता खलनायक वाटेल.”

“आणि हिचं मन?”

“ती चांगलीच आहे ना.”

“चांगली कुठली? ती जळली त्या मुलीवर. म्हणून बोलली.”

लेखक अवघडला. “ते ऐकणाऱ्यांना आवडणार नाही, बाई. बाईनेच बाईवर जळायचं म्हणजे…”

“बरं. आणि फोनचं? फोन तर कुठेच नाही.”

“लिहिला होता,” तो चष्मा पुसत म्हणाला. “सगळ्यांचं म्हणणं पडलं, की हे खरं वाटत नाही. इतका वाईट कुणी वागेल का. म्हणून काढला.”

हुंदकेबाईने संहिता टेबलावर ठेवली. “फोन घाला, मग बोलते,” म्हणाली. तो घालू शकला नाही आणि तिने ती भूमिका केली नाही. एवढं तिने केलं. त्या दिवसांत ती घरीच होती आणि तिचा जीव तिथे अडकलेला होता हेही खरं. मुलीची भूमिका अर्थात नवीकडे होती. नवीचा एकदा फोन आला. “बाई, मी भांडले त्यांच्याशी. स्वगत अर्धं कापायला लावलं.”

“छान केलंस,” हुंदकेबाई म्हणाली. आपण भांडलो तर भूमिका जाते आणि ही भांडते तर पानं कापली जातात, हे तिच्या मनात आलं, पण ते तिने फोनवर म्हटलं नाही. उलट विचारलं, “थोरली कोण करतंय?”

कुणीतरी दुसऱ्या गावची होती. मालिका आली तेव्हा दोघी सासवा-सुना स्वयंपाकघरात फोन मधे ठेवून ऐकायला बसल्या. ती थोरली बाई आपली चार वाक्यं म्हणाली आणि शेवटी, आशीर्वाद देताना, तिने एक हुंदका दिला. संहितेत तो नव्हता. बाईने आपल्या मनाने घातलेला होता. बारीक, आवरलेला, जागच्या जागी.

“ही चांगली रडते,” सासूबाई म्हणाल्या.

हुंदकेबाईने फोन उचलून ती जागा मागे नेली आणि परत ऐकली.

“चांगली कुठली,” ती म्हणाली. “श्वास ऐकू येतोय आधी.”

“मला नाही आला बाई.”

“परत लावते. नीट कान देऊन ऐका.”